कलेजी : सरसकट बंदी की बेताची मुभा?

यकृताच्या आजाराचे निदान झाले की घरात औषधांइतकीच चर्चा ताटाची होते. गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असतात, पुढच्या तपासण्यांच्या तारखाही ठरलेल्या असतात. पण रविवारी मटण आणायचे की नाही, आणले तर त्यातले काळीज कुणाच्या पानात वाढायचे, हे घरच्यांनाच ठरवावे लागते. केसपेपरवर पुष्कळदा 'तेलकट, तिखट, नॉनव्हेज बंद' एवढीच ओळ असते. कुणी ती महिनाभर पाळतो, कुणी जन्मभर. दुसऱ्या टोकाला, 'लिव्हर कमजोर झाले ना, मग लिव्हरच खायला घाला, त्यानेच भरून येईल' असे ठासून सांगणारे काका-मामाही असतातच. या दोन सल्ल्यांच्या कात्रीत सापडलेल्या रुग्णाने काय करावे, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

बंदीच्या बाजूचे म्हणणे आधी नीट ऐकून घ्यायला हवे. त्यामागे हेकेखोरपणा नसून अनुभव आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एकेका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. तेवढ्यात पोटात साठलेले पाणी, रक्ताच्या उलटीचा धोका, गोळ्यांच्या वेळा आणि पुढची सोनोग्राफी हे सगळे सांगायचे असते. अशा वेळी 'शेळीची कलेजी कधीतरी, थोडी, नीट शिजवून खा' असे सांगितले, तर घरी पोहोचेपर्यंत त्यातले 'खा' एवढेच उरते. नियम सोपा असला की तो पाळला जाण्याची शक्यता वाढते. शिवाय चूक व्हायचीच असेल तर ती सावधगिरीच्या बाजूने व्हावी, हा वैद्यकातला जुना संकेत आहे. कलेजी खाल्ली नाही म्हणून कुणाचे यकृत बिघडले, असे घडत नाही.

मात्र ही बंदी सगळ्या घरांना सारखी पडत नाही. जिथे दूध, पनीर, अंडी, मासे यांची ददात नाही, तिथे ताटातून कलेजी गेली तर चवीपलीकडे फारसे काही जात नाही. जिथे मटण परवडत नाही म्हणून वजडी, मुंडी, पाय आणि रक्ती आणली जाते, तिथे 'नॉनव्हेज बंद' या दोन शब्दांनी आठवड्यातले एकमेव प्राणिज अन्न बंद होऊ शकते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. जनावराचा कोणताही भाग वाया जाऊ न देणारा हा स्वयंपाक टंचाईतून घडला आणि पुढे त्याची स्वतःची चव, स्वतःची रीत तयार झाली. त्याला 'अरबट-चरबट' म्हणून मोडीत काढणारा आहारसल्ला वैद्यकीय असतोच असे नाही. कधी कधी तो सल्ला देणाऱ्याच्या स्वयंपाकघरातून आलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा राज्यात लोह आणि बी-१२ यांचा स्वस्त स्रोत बंद करण्यापूर्वी कारण देता आले पाहिजे.

कलेजीचे पोषणमूल्य खरोखर मोठे आहे, आणि त्याचा इतिहासही जुना आहे. सुश्रुतसंहितेत रातांधळेपणावर शेळीचे यकृत सांगितले आहे. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते हे आज ठाऊक असल्याने त्या उपायाचा अर्थ लागतो. बोस्टनमध्ये जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांना रोज यकृत खाऊ घालून सुधारणा दाखवली. तो शोधनिबंध १९२६चा. त्याबद्दल जॉर्ज व्हिपल यांच्यासह दोघांना १९३४चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईशीही या इतिहासाचे नाते आहे. लुसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने १९२८पासून इथल्या गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि तो यीस्टच्या तसेच यकृताच्या अर्काने सुधारतो हे दाखवले. त्यामागचा घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

तथापि, या साऱ्या कहाण्या शरीरातली उणीव भरून काढण्याच्या आहेत. आजारी यकृत दुरुस्त केल्याचा दाखला त्यांत नाही. खाल्लेले यकृत आतड्यात इतर कोणत्याही मांसासारखेच पचते. ते थेट आपल्या यकृताच्या डागडुजीला जात नाही. उलट यकृताच्या रुग्णाच्या बाबतीत अ जीवनसत्त्वाचा हिशेब अवघड होतो. हे जीवनसत्त्व यकृतातल्या ताराकृती पेशींमध्ये साठते, आणि आजार वाढतो तेव्हा याच पेशी व्रणाचे तंतू तयार करू लागतात. दीर्घकाळ अतिरेक झाला तर अ जीवनसत्त्व स्वतःच यकृताला इजा करते, आणि दारूच्या जोडीने ही इजा कमी मात्रेतही होऊ शकते. दुसरीकडे, सिरोसिसच्या अनेक रुग्णांच्या रक्तात अ जीवनसत्त्व कमी आढळते, कारण ते वाहून नेणारे प्रथिन यकृतातच तयार होते आणि ते तयार होणे मंदावलेले असते. उणीव आणि अतिरेक यांची भीती एकाच रुग्णात एकाच वेळी असू शकते. म्हणून रक्ताच्या एका अहवालावरून 'भरपूर खा' किंवा 'अजिबात नको' ठरवता येत नाही.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे. भारतीय शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १००० आणि स्त्रीला ८४० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व पुरते. तयार स्वरूपातल्या या जीवनसत्त्वाची वरची मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम धरली जाते. मेंढीच्या १०० ग्रॅम कच्च्या काळजात ते साधारण ७००० मायक्रोग्रॅम असते, कोंबडीच्या काळजात ३०००च्या थोडे वर. जनावराचे वय आणि चारा यांनुसार हे प्रमाण बदलते. म्हणजे मोठी वाटीभर कलेजी एका दिवसाची मर्यादा सहज ओलांडते. मात्र यकृताला होणारी इजा बहुधा महिनोन्महिने चाललेल्या अतिरेकाची असते. आठवड्यातून एकदा ५० ग्रॅम कलेजी खाल्ली तर दिवसाची सरासरी सुमारे ५०० मायक्रोग्रॅम पडते. रोज खाल्ली तर तीच ३५००वर जाते. एकाच पदार्थाबद्दल 'चालते' आणि 'घातक आहे' ही दोन्ही उत्तरे खरी ठरतात ती यामुळे.

त्यातही खाटकाच्या ठोकळ्यावरचे सगळे अवयव एका मापाने मोजता येत नाहीत. वजडीत प्रथिने बऱ्यापैकी असतात. अ जीवनसत्त्व आणि तांबे मात्र काळजाच्या तुलनेत नगण्य. कोंबडीचा पेटा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्नायू. भेज्यात १०० ग्रॅममागे कोलेस्टेरॉल हजार मिलिग्रॅमच्या वर जाते. गुर्दा आणि काळीज दोन्ही युरिक ॲसिड वाढवतात. पायाच्या सुपाची ख्याती मोठी असली, तरी त्यातले जिलेटिन हे अपुरे प्रथिन आहे. अशक्त रुग्णाला वाटीभर सूप पाजून 'ताकदीचे दिले' असे समाधान मानणे सोपे, पण त्यातून मिळते ते बव्हंशी पाणी, मीठ आणि चरबी. काळजावरची हरकत वजडीला लागू करणे जसे अन्यायाचे, तसेच वजडीला दिलेली मुभा भेज्यापर्यंत ताणणे धोक्याचे.

अवयवांप्रमाणे आजारही वेगवेगळे आहेत. सर्वांत जास्त आढळणारा आहे फॅटी लिव्हर. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०२२च्या एका शोधनिबंधात सुमारे ३८ टक्के प्रौढांमध्ये तो आढळल्याचे नोंदवले आहे. या रुग्णांना कलेजीबद्दल एक अनुकूल मुद्दा सांगता येतो : कोलीन हा घटक कमी पडला तर यकृतात चरबी साचते, आणि कलेजीत कोलीन भरपूर असते. याउलट, याच रुग्णांपैकी अनेकांना मधुमेह, हृदयविकार किंवा वाढलेले युरिक ॲसिडही असते. १०० ग्रॅम कलेजीतून जाणारे सुमारे ३५० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल त्यांना विचारात घ्यावेच लागते. दोन्ही बाजू तोलल्या तर फॅटी लिव्हरमध्ये कलेजी मुख्य आरोपी ठरत नाही. वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरवणे हा या आजारावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. आणि त्या हिशेबात कलेजीच्या चार फोडींपेक्षा तिच्यावरचा तेलाचा तवंग, सोबतचा भाताचा डोंगर आणि थंड पेयाची बाटली जास्त भरते.

काही आजारांत मात्र तोलण्यासारखे काही उरत नाही. विल्सन्स डिसीजमध्ये शरीर तांबे बाहेर टाकू शकत नाही. दिवसाची गरज एक-दोन मिलिग्रॅमची, आणि मेंढीच्या १०० ग्रॅम काळजात तांबे सुमारे ७ मिलिग्रॅम. उपचाराच्या निदान पहिल्या वर्षात तरी काळीज आणि कालवे-तिसऱ्यांसारखे शिंपल्यातले जीव टाळावेत, असे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कोंबडीच्या काळजात तांबे बरेच कमी असते हे खरे. तरी हा आजार पुष्कळदा लहान मुलांत आणि तरुणांत दिसतो, आणि त्या घरात 'हे काळीज चालते, ते नाही' असा घोळ घालण्यापेक्षा पूर्ण मनाई बरी. शरीरात लोह साठण्याचा आजार असलेले आणि वारंवार रक्त चढवावे लागणारे थॅलेसेमियाचे रुग्ण यांनाही काळीज आणि रक्ती वर्ज्यच. पण तेवढ्यावरून 'लिव्हर पेशंटला लोह नको' असा सरसकट निष्कर्षही काढू नये. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव झालेल्या सिरोसिसच्या रुग्णाला लोहाची उणीव असू शकते. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन तपासण्या पाहिल्याशिवाय यातला निर्णय घेऊ नये.

सर्वांत कठीण प्रश्न सिरोसिसचा. एके काळी अशा रुग्णाची प्रथिने तोडली जात; आता त्याच्या नेमका उलटा सल्ला दिला जातो. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार सिरोसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसाला म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम. दोन अंडी, दोन पेले दूध, दोन वाट्या घट्ट वरण आणि ज्वारीच्या तीन भाकरी एवढे सगळे नीट खाल्ले तरी बेरीज जेमतेम ५०-५५वर जाते. आणि भूक मेलेला रुग्ण एवढेही खात नाही. या तुटीत वजडीची एक वाटी किंवा कोंबडीचे चार तुकडे ही मोठी मदत आहे. मांस बंद केले आणि त्याच्या जागी काहीच वाढले नाही, तर हातापायांचे स्नायू झिजतात, आणि ही झीज सिरोसिसमध्ये जिवाला धोका वाढवते. कुपथ्याइतकेच अतिपथ्यही इथे महागात पडते.

यावर बंदीवाद्यांचे उत्तरही वजनदार आहे. प्रथिनांसाठी अवयवच कशाला? सोयाबीनच्या सुक्या वड्यांमध्ये निम्मे वजन प्रथिनांचे असते. ३० ग्रॅम वड्यांतून १५ ग्रॅम प्रथिने मिळतात, त्याही वजडीपेक्षा स्वस्तात. यकृताच्या बिघाडामुळे मेंदूवर परिणाम होऊन गुंगी येणाऱ्या रुग्णांना दुधातली आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिने मांसापेक्षा अधिक मानवतात, असेही दिसते. रक्तीबाबत तर विशेष जपावे लागते : आतड्यात रक्तस्राव झाला की अशा रुग्णाची गुंगी वाढते हे सर्वमान्य आहे, आणि रक्तातल्या प्रथिनांत आयसोल्युसीन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी असते. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला दिवसभरात मिळून चमचाभर, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ चालते. झणझणीत सुक्क्यात आणि त्याच्या रश्श्यात त्यातले बरेचसे एका जेवणातच संपते. हे सारे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. भूक नसलेला माणूस आवडीचेच चार घास खातो. ज्याला सोयाच्या वड्या घशाखाली उतरत नाहीत, त्याच्यासाठी कागदावरचे उत्तम प्रथिन निरुपयोगी आहे.

सुरक्षिततेचा दुसरा अर्धा भाग चुलीवर ठरतो. सिरोसिस झालेल्यांची आणि यकृत प्रत्यारोपण झालेल्यांची जंतूंशी लढण्याची ताकद कमी असते. डुकराच्या काळजातून हिपॅटायटिस-ई पसरल्याची उदाहरणे युरोप आणि जपानमध्ये नोंदली गेली आहेत. जपानने २०१२मध्ये गाईचे आणि २०१५मध्ये डुकराचे कच्चे काळीज हॉटेलांत वाढण्यावर बंदी घातली. भारतात हा आजार मुख्यतः दूषित पाण्यातून पसरतो, त्यामुळे इथल्या रुग्णाने ताटाआधी तांब्याची काळजी घ्यावी हे खरे. तरीही अर्धेकच्चे काळीज, मग ते कोणत्याही प्राण्याचे असो, यकृताच्या रुग्णाला नकोच.

इथे आपल्या स्वयंपाकाची रीत बरीचशी रुग्णाच्या बाजूची आहे. वजडी चुन्याच्या गरम पाण्यात घासून साफ करतात, हळद-मीठ लावतात आणि कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या देतात. त्या उष्णतेत जंतू तगत नाहीत. गोव्याच्या सोरपोतेलात डुकराचे मांस आणि काळीज आधी उकडतात, बारीक चिरून परततात आणि मग व्हिनेगरच्या मसाल्यात शिजवतात. धोका आहे तो कलेजीच्या तवा-फ्रायमध्ये. जास्त शिजवली की ती चिवट होते, म्हणून जाणकार ती तव्यावर दोन-चार मिनिटांतच उतरवतात. मोठ्या फोडीचा मधला भाग तेव्हा गुलाबीच असतो. चव त्या गुलाबी मध्यात असते हे खवय्यांचे म्हणणे खोटे नाही, पण रुग्णाने ती चव सोडावी. फोडी लहान कराव्यात, कुकरला लावून पूर्ण शिजवाव्यात आणि मग मसाल्यात परताव्यात. काळीज आणल्या दिवशीच शिजवावे, ते चिरलेल्या सुरीने कोशिंबिरीची काकडी चिरू नये, आणि मुरवून दोन-तीन दिवस खायच्या पदार्थाला दर वेळी चांगली उकळी आणावी.

या चर्चेत एका पाहुण्याचा उल्लेख राहून जातो. कलेजी-पेटा अनेक ठिकाणी येतो तो जेवण म्हणून नव्हे, चाकणा म्हणून. आखाडातल्या बैठकीत यकृताच्या रुग्णाला 'तू कलेजी खाऊ नकोस हं' असे काळजीने बजावले जाते आणि त्याच्यापुढचा पेला मात्र तसाच राहतो. दारूमुळे झालेल्या यकृताच्या आजारात पेला सुटणे हा पहिला उपचार आहे, आणि इतर आजारांतही दारू नुकसान वाढवते. बशी सरकवून पेला ठेवणारे पथ्य हे पथ्य नव्हे. दुसऱ्या बाजूने, कलेजी पाहिली की ज्याला पेल्याची आठवण येते, त्याच्यासाठी कलेजीपासून दूर राहणे हेच शहाणपण. इथे बंदीचे कारण पोषणशास्त्रातले नाही, पण ते पुरेसे आहे.

हे सगळे तोलून पाहता आमचा कौल सरसकट बंदीच्या विरोधात आणि बेताच्या, अटी घातलेल्या मुभेच्या बाजूने जातो. विल्सन्स डिसीज आणि लोहाचा अतिरिक्त साठा असेल तर काळजाला पूर्ण मनाई असावी. पोटात पाणी, गुंगी किंवा नुकताच रक्तस्राव झालेल्या रुग्णाने सध्या काळीज आणि रक्ती बाजूला ठेवून दूध, डाळी, अंडी आणि मानवत असेल तर मासे-कोंबडी यांतून प्रथिने पुरी करावीत. स्थिर सिरोसिसमध्ये काळजापेक्षा वजडी किंवा पेटा बरा, तोही कमी मिठाचा. फॅटी लिव्हर असलेल्याने, किंवा आटोक्यात असलेल्या जुनाट हिपॅटायटिसच्या रुग्णाने, पंधरवड्यातून एकदा ५० ग्रॅमच्या आसपास नीट शिजवलेली कलेजी खाल्ली, तर तिच्यात भिण्यासारखे फारसे दिसत नाही. मात्र अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा ते असलेले टॉनिक त्याच वेळी चालू नसावे, आणि आपल्या डॉक्टरांना हे ठाऊक असावे.

असा पदरी पडणारा नियम गुंतागुंतीचा आहे, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. मोजक्या मिनिटांच्या भेटीत तो समजावणे कठीण, आणि काही जण 'पंधरवड्यातून' हा शब्द विसरतील हेही खरे. पण त्यावरचा उपाय नियम बोथट करणे हा नाही. 'नॉनव्हेज बंद' या ओळीपुढे डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी आणखी तीन गोष्टी लिहाव्यात : काय बंद, कशासाठी आणि कधीपर्यंत. चौथी म्हणजे त्या जागी काय खायचे. कागदावर हे नसेल, तर रुग्णाच्या सोबत आलेल्या माणसाने ते संकोच न करता विचारावे. 'डॉक्टर, कलेजी बंद म्हणता ती तांब्यामुळे, लोहामुळे की मिठामुळे?' या प्रश्नाचे उत्तर द्यायला अर्धे मिनिट पुरते. कारण न कळलेले पथ्य चार दिवस भीतीने पाळले जाते आणि पहिल्या सणाला मोडते. कारण कळलेले पथ्य रुग्ण स्वतःहून पाळतो. आणि जिथे त्या पथ्याची गरजच नसते, तिथे आधीच रिकामे होत चाललेले ताट आणखी रिकामे करण्याची चूक टळते.